गिरगाव ते लालबाग: भाड्याच्या घराची पारख

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीच्या एकाच सज्ज्यावर, एकाच मापाच्या खोल्यांत राहणाऱ्या आणि एकाच जिन्याने वर येणाऱ्या दोन बिऱ्हाडांपैकी एकाला दरमहा काही शे रुपयांची भाडेपावती मिळते आणि दुसऱ्याला तेवढ्याच जागेसाठी त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते, ही गोष्ट बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेल्या माणसाला प्रथमदर्शनी अन्यायाची वाटते. परंतु वस्तुतः त्या दोन खोल्यांमधील फरक विटांचा वा लाकडाचा नसून कायद्याचा, आणि कायद्याच्याही आधी तारखांचा आहे. मुंबईच्या या जुन्या भागात बिऱ्हाड थाटू इच्छिणाऱ्याने भिंती आणि छप्पर ज्या बारकाईने पाहावे, त्याच बारकाईने त्या जागेवर कोणाचा कोणत्या प्रकारचा हक्क आहे याचीही चौकशी करावी, असे माझे निश्चित मत आहे. आणि हे हक्क कसे उत्पन्न झाले याची माहिती असल्याखेरीज जागा दाखविणाऱ्या दलालाचे निम्मे बोलणे उमगत नाही.

शहराचा व्यापार मूळचा कोटाच्या आत होता. १८०३ साली कोटात लागलेल्या भीषण आगीनंतर दाटीवाटीची वस्ती तटाबाहेर पसरू लागली, आणि १८६२ नंतर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तटबंदीच पाडण्यात आल्यावर पेढ्या, बँका, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या कोटाच्या परिसरात राहिल्या, परंतु त्यांत काम करणारे कारकून, वकील, शिक्षक आणि छापखान्यांतील जुळारी यांचे संसार मात्र चालत जाता येईल इतक्या अंतरावरील गिरगाव, ठाकूरद्वार, मुगभाट या भागांत स्थिरावले. येथे पूर्वी नारळीच्या वाड्या होत्या. त्या वाड्यांची नावे राहिली आणि झाडांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कचेरी आणि घर यांतील अंतर आणखी आटोक्यात आले आणि गिरगावच्या खोलीला भाडे येऊ लागले ते मुख्यतः या सान्निध्याचे. खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी आजही लाकडी जिने आणि उतरती कौलारू छपरे असलेली जुनी बैठी व दुमजली घरे उभी आहेत. अशा वारसा-परिसरात राहायला जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की १९९५ च्या वारसा नियमावलीमुळे तेथे साधी खिडकी बदलण्याचा प्रश्नही मालकाच्या मर्जीपुरता उरत नाही.

दादरची कथा निराळी आहे. १८९६ साली प्लेगची साथ आली आणि कोंदट, अंधाऱ्या खोल्यांनी माणसे कशी मारली जातात हे सरकारला उमगले. त्यातून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिने एकीकडे प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढून समुद्राच्या वाऱ्याला वाट करून दिली, आणि दुसरीकडे दादर, माटुंगा, वडाळा येथील मोकळ्या जमिनी संपादून आखीव वसाहती घडविल्या. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खालच्या खिडकीपर्यंत प्रकाश किती कोनातून उतरावा, याचेही प्रमाण या संस्थेने साडेत्रेसष्ट अंशांचे ठरविले होते. हिंदू कॉलनीच्या आणि पारशी कॉलनीच्या इमारतींमध्ये आजही जो उजेड आणि जी मोकळीक जाणवते, तिच्या मुळाशी त्या साथीने शिकविलेला हा धडा आहे. येथेच ज्यांत स्वयंपाकघर, न्हाणी आणि शौचकूप घराच्या आतच असतात अशा ब्लॉकची पद्धत मध्यमवर्गात रुजली. त्या काळापर्यंत शौचकूप राहत्या जागेपासून जितका दूर तितका बरा, अशी आपल्या लोकांची भावना होती. ती बदलायला एक पिढी लागली असली तर आश्चर्य नाही.

परळ आणि लालबाग यांना गिरण्यांनी घडविले. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारे जे गिरणगाव वसले त्यात कोकण आणि घाटमाथ्यावरील लाखो माणसे एकखणी खोल्यांत राहिली. त्यातही एकाच गावच्या पुरुषमंडळींनी मिळून घेतलेली गावकीची खोली ही संस्था मला विशेष आदरणीय वाटते. पाळ्यांनुसार झोपणारी पंधरा-वीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवरची एक खुंटी, भोजनाची सोय एखाद्या खानावळवाल्या बाईकडे, आणि गावात कोणी आजारी पडले वा गेले की त्याच खोलीतून उभी राहणारी वर्गणी. या खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांचेच संघटन करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. सरकारनेही १९२० साली विकास खाते काढून वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे २०७ चाळी बांधल्या. बीडीडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती. परळच्या ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले आणि मगच ते दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतः बांधलेल्या ‘राजगृहा’त गेले, एवढे आठवले तरी या लहान जागांनी काय सांभाळले याची कल्पना येते. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या आणि मनोरे आले, आणि जो व्यापार पूर्वी कोटात सामावलेला होता त्याचा मोठा भाग लोअर परळला येऊन बसला. म्हणून आज चाळीच्या सज्ज्यात उभे राहिले असता समोर जे मनोरे दिसतात, त्यांत काम करणारे तरुणच त्या चाळीतील खोलीसाठी चौकशी करीत येतात.

आता तारखांकडे वळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी बेसुमार वाढू लागली तेव्हा १९१८ साली प्रथम कायद्याने त्यांवर नियंत्रण आणले. ते तात्पुरते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पुन्हा तसेच करावे लागले, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, जो मुंबई भाडे नियंत्रण कायदा संमत झाला त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाणभूत मानून गोठविले. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यात आणि घरांच्या टंचाईत हा कायदा गरीब भाडोत्र्याला संजीवनी ठरला, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु जो उपाय संकटापुरता होता तो पन्नास वर्षे तसाच राहिल्याने, भाडे गोठलेले आणि चुन्यासिमेंटाची किंमत मात्र वाढत गेलेली, अशी स्थिती झाली. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडोत्र्याने जागा सोडली नाही, आणि खरी किंमत पावतीवर दिसेनाशी होऊन पागडीच्या, म्हणजे भाडेहक्क देताना रोखीने घेतल्या जाणाऱ्या ठोक रकमेच्या, रूपाने हातोहात फिरू लागली. पागडी घेणे १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता. तरीही तीच रूढी झाली. १९७३ साली आणखी एक दुरुस्ती झाली: त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जो इसम परवान्यावर, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर, एखाद्या जागेत राहत होता तो कायद्याने भाडोत्रीच समजला जाऊ लागला. या एका तारखेने हजारो कुटुंबांना आसरा दिला आणि त्याच वेळी हजारो मालकांच्या मनात अशी धास्ती बसविली की ‘घर रिकामे राहिले तरी चालेल, पण भाड्याने देणार नाही’ हे वाक्य मुंबईत पुढे कितीतरी वर्षे ऐकू येत राहिले.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात भाडे कायमचे गोठवून ठेवणे समर्थनीय राहिलेले नाही असा निर्णय दिला, आणि त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याने जुन्या भाडोत्र्यांचे संरक्षण कायम ठेवून भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला प्रथमच कायदेशीर मान्यता दिली, आणि परवान्यावर दिलेली जागा मुदत संपताच परत मिळविण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सुलभ वाट ठेवली. मुदत संपूनही जो जागा सोडीत नाही त्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मालकांची जुनी धास्ती हळूहळू कमी झाली ती या तरतुदींमुळे.

सज्ज्यावरच्या त्या दोन बिऱ्हाडांचे रहस्य एवढेच आहे. पहिले पागडीचे, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या संरक्षित भाडेहक्काचे. दुसरे परवान्याचे, म्हणजे अकरा महिन्यांच्या किंवा दोन-तीन वर्षांच्या मुदतीचे. आपण, नवे येणारे, बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. आणि येथेच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो, तो असा की आपल्याला जागा देणारा मनुष्य तिचा मालक आहे की स्वतःच पागडीचा भाडोत्री आहे? पागडीच्या भाडोत्र्याला मालकाच्या संमतीवाचून ती जागा दुसऱ्याला परवान्याने देण्याचा अधिकार नाही. तशी दिल्यास त्याच्याच बेदखलीचा दावा लागू शकतो, आणि त्या दाव्यात आपल्या बिऱ्हाडाचीही फरफट होते. तेव्हा जागा दाखविणाऱ्याने कितीही गोड शब्दांत ‘वर्षानुवर्षे असेच चालते’ म्हटले तरी मालकाची लेखी संमती मागावी. जागा मालकी हक्काची असेल तर सहकारी संस्थेचे भागप्रमाणपत्र, नोंदलेले खरेदीखत आणि अलीकडचे देयक पाहावे. पागडीची असेल तर भाडेपावती कोणाच्या नावे आहे हे पाहावे, कारण पावती आजोबांच्या नावे, वहिवाट धाकट्या नातवाची आणि बाकीच्या चुलतभावांचे आपसांत वितुष्ट, असा प्रकार या भागात वारंवार आढळतो.

इमारतीचे वय विचारणे हीही औपचारिकता नव्हे. कोसळणाऱ्या इमारतींमुळे १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, १९७१ पासून मंडळ काम करू लागले आणि पुढे ते म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात विलीन झाले. माहीम-शीवपर्यंतच्या मूळ शहरातील ज्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो त्यांना उपकरप्राप्त इमारती म्हणतात, आणि त्यांचे वयानुसार तीन वर्ग आहेत: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, तेथपासून १९५० अखेरपर्यंतच्या, आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या. पहिल्या वर्गातील इमारतींचा पुनर्विकास विकास नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली बहुधा केव्हातरी होणारच, असे गृहीत धरावे. पुनर्विकासाच्या यादीत नाव असते ते भाडोत्र्याचे. परवान्यावर राहणाऱ्याला नव्या घराचा किंवा संक्रमण शिबिरातील जागेचा काहीही हक्क पोहोचत नाही. म्हणून इमारतीत विकासकाशी बोलणी सुरू आहेत काय, रहिवाशांच्या सभा होत आहेत काय, हे चाळ कमिटीच्या एखाद्या जाणत्या सभासदाला विचारावे. दोन वर्षांच्या करारावर राहायला जाऊन चौथ्या महिन्यात सामान उचलावे लागणे हे शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला फार जड जाते.

प्रत्यक्ष पाहणीला दिवसाउजेडी जावे, आणि शक्य असल्यास पावसाळ्यात जावे. जी इमारत वैशाखात ठणठणीत दिसते तिचे खरे रूप आषाढात उघड होते. जुन्या चाळी सागवानी खांब, तुळया आणि त्यांमध्ये विटांचा भराव अशा पद्धतीने बांधलेल्या आहेत. तुळई मध्यभागी सहसा कुजत नाही. ती कुजते भिंतीत जेथे तिचे टोक बसविलेले असते तेथे, कारण बाहेरून झिरपलेले पाणी तेथे साचून राहते. म्हणून छत आणि बाहेरची भिंत यांच्या सांध्यावर नजर ठेवावी. इमारतीचा सर्वांत दुर्बल भाग बहुधा सामाईक संडासांच्या बाजूचा असतो. गेल्या कित्येक वर्षांत अनेक बिऱ्हाडांनी खोलीतच मोरी वाढवून न्हाणी आणि शौचकूप करून घेतले, जुन्या लादीवर नवी लादी बसविली आणि पोटमाळे काढले; ही सोय समजण्यासारखी आणि बायाबापड्यांच्या दृष्टीने अत्यावश्यकच होती, परंतु त्यामुळे ज्या लाकडी तक्तपोशीवर पूर्वी चार माणसे आणि एक पाण्याचे पिंप एवढाच भार होता तिच्यावर दगड, सिमेंट आणि सततची ओल आली. खालच्या मजल्यावर जाऊन वरच्या मोरीच्या बरोबर खालचे छत पाहणे हे म्हणूनच वरची खोली पाहण्याइतके आवश्यक आहे. भिंतीतून पिंपळ उगवला असेल तर मुळे आत शिरली आहेत असे समजावे. मंडळाने लावलेले लोखंडी वा लाकडी टेकू दिसले तर ते केव्हापासून आहेत हे विचारावे. दुरुस्ती पुरी होईपर्यंतचे टेकू आणि दशकभर तसेच उभे असलेले टेकू यांत फार अंतर आहे.

दादर-शिवाजी पार्कच्या किंवा समुद्राकाठच्या १९३० नंतरच्या काँक्रीटच्या इमारतींचा रोग वेगळा. खाऱ्या हवेने आतल्या सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि त्या दाबाने काँक्रीटचे कवच फुटून छताची खपली खाली येते. नुकताच दिलेला रंग पाहून संतुष्ट होऊ नये. सज्ज्याच्या खालच्या बाजूला तांबूस ओघळ किंवा भेगा आहेत काय ते पाहावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे. त्याचा अहवाल मागण्यात कोणाचाही अपमान नाही. पावसाळ्यापूर्वी म्हाडाकडून अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी दरवर्षी जाहीर होते, तीही अवश्य पाहावी. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या यादीकडे निव्वळ सरकारी कागद म्हणून पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, वरच्या मजल्यावर ते पंपाशिवाय चढते काय, विजेचे मीटर स्वतंत्र आहे काय, हे प्रश्न थोडक्यात पण नेमके विचारावेत. काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार यांच्या लगतची जागा रविवारी पाहिली तर ती शांत वाटते. तीच सोमवारी दुपारी हातगाड्या, टेम्पो आणि गिऱ्हाइकांनी भरून जाते. लालबागेत सार्वजनिक गणपतीच्या दहा दिवसांत, विशेषतः १९३४ पासून चालत आलेल्या ‘लालबागच्या राजा’ या गणपतीच्या दर्शनाच्या रांगांमुळे, घरात वृद्ध आजारी माणूस असल्यास डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची वाट आधीच ठरवून ठेवावी लागते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो गिरगाव आणि काळबादेवीमार्गे कफ परेडपर्यंत धावू लागल्याने या पट्ट्याची मागणी आणि भाडे यांवर परिणाम होणार हे उघड आहे.

परळबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. १९२६ सालचे केईएम आणि १९४१ सालचे टाटा स्मारक रुग्णालय यांमुळे येथे भाड्याची खोली शोधणाऱ्यांत नोकरदारांबरोबर दूरदूरच्या प्रांतांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलगही असतात. त्यांना अकरा महिने नको असतात. उपचार चालतील तेवढे दोन-तीन महिने हवे असतात, आणि घाईत असल्यामुळे ते कोणतीही अट मान्य करतात. अशांकडून अवाच्या सव्वा रक्कम घेणारे आहेत, तसेच एक पैसाही जास्त न घेता शेजारधर्म म्हणून डबा पोहोचविणारे चाळकरीही आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे धर्मादाय निवासांची माहिती असते. खाजगी खोलीकडे वळण्यापूर्वी तेथे विचारावे.

काही इमारतींत आडनाव, धर्म किंवा ताटातील मासळी विचारून जागा नाकारली जाते. ज्या गिरगावात बोंबील आणि पुरणपोळी एकाच सज्ज्यात शिजत आले तेथे एखाद्या कुटुंबाला त्याच्या अन्नावरून परतवावे, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते. तरीही ज्याला राहायचे आहे त्याने हा प्रश्न टोकन देण्याआधीच उघडपणे निकालात काढावा.

जागा पसंत पडली म्हणजे करारनामा. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे महाराष्ट्रात सक्तीचे आहे, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच वर्षांची. अकरा महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही हा समज या राज्यापुरता चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली असून ती न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास विरुद्ध पुरावा येईपर्यंत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीचे भाडे आणि अनामत रकमेवरील दहा टक्के कल्पित व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, आणि शहरात नोंदणी फी एक हजार रुपये, इतका माफक हा खर्च आहे. आता आधारच्या ओळखीने हा दस्त घरबसल्याही नोंदविता येतो, त्यामुळे टाळाटाळीला सबब उरलेली नाही. राहणाऱ्याची माहिती पोलीस ठाण्यास कळविण्याचे कामही मालकाचे आहे. ते झाल्याची पोच आपल्याजवळ ठेवावी. ‘हेवी डिपॉझिट’ म्हणून लाखोंची रक्कम एकदाच घेऊन मासिक भाडे नाममात्र ठेवण्याची जी पद्धत येथे आहे, तिच्यापासून शक्यतो दूर राहावे, कारण ती रक्कम मालकाने इतरत्र गुंतवलेली असते आणि परतीच्या दिवशी त्याच्या हातात नसते.

करारात दोन कलमे आग्रहाने घालावीत: इमारत धोकादायक ठरल्यास किंवा पुनर्विकासासाठी रिकामी करण्याचा हुकूम आल्यास उरलेल्या मुदतीचे भाडे न मागता अनामत तत्काळ परत मिळेल हे एक, आणि रंगकाम वा दुरुस्तीच्या नावाखाली किती कपात करता येईल याची मर्यादा हे दुसरे. ताबा घेताना विजेच्या मीटरचा आकडा, नळ, पंखे, दारांच्या किल्ल्या आणि आधीपासून असलेल्या भेगा यांची यादी करून तिच्यावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. अनामत धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावी. आणि बिऱ्हाड हलविण्याच्या दिवशी ती यादी पुन्हा मालकासमोर वाचून, विजेचे शेवटचे देयक चुकते करून, अनामत खात्यात जमा झाल्याची खात्री पटल्यावरच किल्ल्या त्याच्या हाती द्याव्यात.